ऊस मोडून केलेल्या सोयाबीनच्या मुळांवर गाठी का धरत नाहीत?

(एक प्रश्न आणि त्यावर आलेली उत्तरं. प्रत्येक भागाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आणि गाव.)

कृष्णाकाठ (वाळवा तालुका, सांगली)

रान काळं, भारी, सामू (पीएच) ८.१. खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून घेतलेलं पुढचं पीक) मार्चमध्ये तुटला, त्यानंतर नांगरट आणि दोन पाळ्या. जूनमध्ये वाफशावर फुले संगम (केडीएस ७२६) टोकलं, दोन ओळींत ४५ सेंमी अंतर. टोकताना एकरी एक पोतं डीएपी, विसाव्या दिवशी कोळपणीबरोबर एक पोतं युरिया. बियाण्याला थायरम (बुरशीनाशक) आणि लगेच त्याच घमेल्यात रायझोबियमचं (मुळावर गाठी धरवणाऱ्या जिवाणूंचं) पाकीट चोळलं. या रानात गेली सात-आठ वर्षं जवळपास ऊसच होता, सोयाबीन पहिल्यांदाच.

आता पीक ३२ दिवसांचं आहे. पान गर्द हिरवं, वाढ जोरात. पण चार ठिकाणची झाडं उपटून पाहिली तर मुळावर दोन-तीन बारीक पांढरट गाठी, काहींवर तेवढ्याही नाहीत. बांधाला लागून दोन गुंठे भुईमूग आहे, त्याला कसलंच पाकीट लावलेलं नाही, तरी मुळं गाठींनी भरलीत. प्रश्न असे:

पाकीट खराब होतं का? पीक हिरवं आहे म्हणजे गाठी नसल्या तरी चालतं का? आता काही करता येईल का? ऑक्टोबरमध्ये इथेच पूर्वहंगामी ऊस घ्यायचा आहे, सोयाबीनचा बेवड (आधीच्या पिकाचा पुढच्या पिकाला मिळणारा फायदा) मिळावा हाही हेतू आहे.

मुळं आणि माती (कराड)

पाकिटावर ठपका ठेवण्याआधी झाडाकडे बघा. गाठ ही जिवाणूने झाडावर लादलेली गोष्ट नाही. ती झाड स्वतः बांधून देतं, आणि गरज असेल तरच देतं.

सोयाबीनचं मूळ जमिनीत जेनिस्टीन, डेडझीन अशी फ्लॅव्होनॉइड द्रव्यं सोडतं. ती ओळखणारा जिवाणू म्हणजे ब्रॅडीरायझोबियम. तो उत्तरादाखल स्वतःचा एक संकेत सोडतो, त्याला नॉड घटक म्हणतात. या घटकाची रासायनिक ठेवण प्रत्येक जिवाणूची वेगळी असते. मुळाने ती ओळखली तरच पुढचं काम सुरू होतं: केसमुळाचं टोक वळतं, जिवाणूंना आकड्यात पकडतं, आणि तिथून आत एक बारीक नळी तयार होते, तिला संसर्ग-तंतू म्हणतात. तंतू आत पोचेपर्यंत मुळाच्या सालीतल्या पेशी विभागायला लागलेल्या असतात. जिवाणू त्या पेशींमध्ये उतरतात, आकार बदलतात आणि हवेतला नत्र अमोनियात बदलू लागतात. उगवणीनंतर दहा-पंधरा दिवसांत गाठ डोळ्याला दिसते, पण खरा पुरवठा तीन ते चार आठवड्यांनी सुरू होतो आणि फुलोरा ते शेंग भरणीत शिगेला पोचतो.

हे काम झाडाला महाग पडतं. नत्राचा एक रेणू फोडायला जिवाणू १६ एटीपी (पेशीतले ऊर्जेचे रेणू) खर्च करतो, आणि ती सगळी ऊर्जा पानांनी बनवलेल्या साखरेतून येते. एक ग्रॅम नत्रामागे साधारण ६ ग्रॅम कार्बन जातो. म्हणून जमिनीत तयार नायट्रेट असेल तर झाड नव्या गाठी बांधणं थांबवतं, आणि असलेल्या गाठींचंही काम मंदावतं. शिवाय पुरेशा गाठी झाल्या की मुळातून पानाकडे निरोप जातो आणि पानाकडून उलटा निरोप येऊन पुढच्या गाठी अडवल्या जातात. म्हणजे आवर घालण्याची यंत्रणा झाडातच आहे.

आता तुमचा हिशोब. डीएपीच्या पोत्यातून ९ किलो नत्र, ४५ किलोच्या युरियाच्या पोत्यातून २०.७ किलो. एकरी जवळपास ३० किलो, हेक्टरी ७३–७४ किलो. राहुरी कृषी विद्यापीठाची सोयाबीनची शिफारस हेक्टरी ५० किलो नत्र आणि ७५ किलो स्फुरदाची आहे. त्यात वर्षानुवर्षं उसाला दिलेल्या खताचा शिल्लक साठा. युरिया पडला तो विसाव्या दिवशी, म्हणजे नेमका गाठी वाढण्याच्या वेळी. पान गर्द हिरवं आहे ते या खतावर. गाठी नसल्याचं लक्षण आज पानावर दिसणारच नाही, शेंगा भरताना दिसेल.

सोयाबीनच्या दाण्यात साधारण ४० टक्के प्रथिनं, म्हणजे वजनाच्या सुमारे ६.४ टक्के नत्र. एकरी १० क्विंटल दाणा घेतला तर नुसत्या दाण्यातून ६४ किलो नत्र रानाबाहेर जातं. हे युरियाने द्यायचं म्हटलं तर तीन पोत्यांहून जास्त लागेल, तेही वाया काही न जाता. म्हणून गाठींशिवाय चालत नाही.

पण इतक्यात घाबरायचं कारण नाही. नायट्रेटचा दाब उठवता येतो. युरिया थांबवा. साठा उतरला आणि जमिनीत योग्य जिवाणू असतील तर पंधरवड्यात नव्या गाठी धरतात. ४५ दिवसांच्या आसपास पुन्हा तपासा.

तपासताना झाड उपटू नका. भारी रानात उपटलं की अर्ध्या गाठी जमिनीतच राहतात. खोडापासून १५ सेंमी लांब, २० सेंमी खोल फावडं घालून ढेकळासकट झाड उचला, बादलीतल्या पाण्यात अर्धा तास भिजवा आणि माती हळू सोडवा. मग गाठी ब्लेडने कापा. आतून गुलाबी किंवा लाल असेल तर ती काम करते आहे. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा. नत्र फोडणारं नायट्रोजिनेज हे विकर ऑक्सिजनने निकामी होतं, आणि जिवाणूला श्वासासाठी ऑक्सिजन तर लागतोच. लेगहिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजन मोजून-मापून पोचवतं. पांढरी गाठ कोवळी असते किंवा निकामी, हिरवट-तपकिरी म्हणजे म्हातारी. फुलोऱ्यात झाडामागे आठ ते वीस ठसठशीत लाल गाठी असल्या तर पुरे.

गाठी कुठे आहेत तेही लिहून ठेवा. सोटमुळाच्या वरच्या भागात घोस असेल तर तुमची बीजप्रक्रिया लागू पडली. लांबच्या बाजूमुळांवर विखुरलेल्या असतील तर त्या बहुतेक जमिनीतल्या मुक्कामी जिवाणूंच्या.

बीजप्रक्रिया (तासगाव)

वरचं पटलं, पण थायरम आणि रायझोबियम एकाच घमेल्यात, पाठोपाठ, हेही सोडून देण्यासारखं नाही. थायरम आणि कॅप्टन रायझोबियमला त्रास देतात, तांब्याची बुरशीनाशकं तर घातकच. क्रम ठरलेला आहे: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, आणि शेवटी जिवाणू. पहिल्या दोन्ही प्रक्रिया पेरणीच्या आदल्या दिवशी किंवा त्याआधी उरकून बियाणं सुकू द्यायचं. रायझोबियम पेरणीच्या सकाळी, सावलीत, आणि लावलेलं बी त्याच दिवशी मातीआड. रासायनिक प्रक्रिया केलेल्या बियाण्याला पाकिटाचं प्रमाण दुप्पट ठेवावं. बुरशीनाशकाऐवजी ट्रायकोडर्मा वापरणार असाल तर हा पेच उरतच नाही.

प्रमाण १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम पाकीट. खत नियंत्रण आदेशानुसार भुकटीच्या संवर्धकात (पाकिटातल्या जिवाणू-खतात) ग्रॅमला किमान ५ कोटी जिवंत जिवाणू हवेत. २५० ग्रॅममध्ये झाले १,२५० कोटी. १०० दाण्यांचं वजन १२ ग्रॅम धरलं तर १० किलोत सुमारे ८३ हजार दाणे, म्हणजे दाण्यामागे दीड लाख जिवाणू. दहातले नऊ मेले तरी दाण्यावर पंधरा हजार राहतात. पण पाकीट मुळात मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात तापलेलं असेल आणि वर थायरम बसलं, तर हातात काही उरत नाही. घेताना पाकिटावर तीन गोष्टी बघा: पिकाचं नाव, उत्पादनाची तारीख, वापराची शेवटची तारीख. "कडधान्यांसाठी" एवढंच लिहिलेलं पाकीट सोयाबीनला घेऊ नका.

लावण्याची रीत: एक लिटर पाण्यात १२५ ग्रॅम गूळ उकळून पूर्ण गार करायचा. गरम द्रावणात पाकीट फोडलं तर तिथेच खेळ संपला. १० किलो बियाण्याला ते सगळं द्रावण लागत नाही, दाणा जेमतेम ओलसर होईल एवढंच. सोयाबीनची साल फार नाजूक असते. पाणी जास्त झालं की ती सुरकुतते, फाटते आणि उगवण पडते. घमेल्यात चोळण्यापेक्षा ताडपत्रीवर पसरून उलथापालथ करा, हाताचा जोर नको. नंतर सावलीत सुकवा. द्रवरूप संवर्धकात आदेशाप्रमाणे मिलिलिटरला किमान १० कोटी जिवाणू असतात, साधारण १०० मिली १० किलोला पुरतं, आणि गुळाची गरज नसते.

पेरणी यंत्राच्या एकाच पेटीत जिवाणू लावलेलं बी आणि डीएपी मिसळून टाकणं हा आणखी एक नेहमीचा घोटाळा. खताच्या क्षाराने जिवाणू सुकून मरतात. खत दाण्याच्या खाली आणि बाजूला पडायला हवं. धूळपेरणी असेल, खानापूर-आटपाडी किंवा माण-खटावकडे करतात तशी, तर बियाण्यावरचे जिवाणू कोरड्या तापलेल्या मातीत पावसाची वाट बघत टिकत नाहीत. तिथे २ किलो संवर्धक ५० किलो ओलसर, चाळलेल्या शेणखतात मिसळून पाऊस झाल्यावर ओळीलगत देणं जास्त शहाणपणाचं.

भुईमुगाचं कोडं मात्र सोपं आहे. भुईमूग, चवळी, मूग, उडीद, मटकी, तूर, हुलगा यांचा जिवाणूगट आपल्याकडच्या जवळपास प्रत्येक रानात मुक्कामाला असतो. सोयाबीनचा तसा नाही, तो रानात आणावा लागतो. हरभऱ्याचा आणखी वेगळा, मेसोरायझोबियम. भुईमुगात तर जिवाणू केसमुळातून शिरतही नाहीत. बाजूमूळ फुटताना सालीला जी चीर पडते तिथून ते आत जातात. त्यामुळे भुईमुगाच्या गाठी बाजूमुळांच्या खोबणीत बसलेल्या दिसतात. भुईमुगाला गाठी आहेत म्हणून सोयाबीनलाही त्या रानात येतील असा अर्थ निघत नाही.

कृष्णाकाठ

फावड्याने काढून, भिजवून पाहिलं. वरच्या बाजूच्या झाडांना सोटमुळावर चार-पाच गाठी, त्यातल्या दोन-तीन कापल्यावर फिकट गुलाबी. बाजूमुळांवर काही नाही. खालच्या अंगाला पाणी साचतं, तिथल्या झाडांची पानं पिवळसर आहेत आणि मुळावर मात्र भरपूर गाठी! पण त्या कापल्यावर आतून पांढऱ्याच. त्या भागात मधल्या काळात उसाऐवजी एकदा वांगी आणि टोमॅटो होते. ही पानं पिवळी का? फेरस मारू का?

मुळं आणि माती (कराड)

खालच्या अंगाच्या "गाठी" नखाने सोडवून बघा. रायझोबियमची गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते, बोटाने हलकं घासलं की सुटते आणि मूळ शाबूत राहतं. सूत्रकृमीची (मुळात शिरणाऱ्या सूक्ष्म कृमीची) गाठ म्हणजे मूळच सुजलेलं असतं, ती काढायला गेलं तर मूळ तुटतं. वांगी-टोमॅटोनंतर मुळावर न सुटणाऱ्या, वेड्यावाकड्या, आतून कधीच लाल नसणाऱ्या गाठी दिसल्या की पहिला संशय सूत्रकृमीचा. मुळासकट मातीचा नमुना ओलसर ठेवून तपासायला द्या. उभ्या सोयाबीनमध्ये त्यावर फारसं करता येत नाही. पुढच्या पिकाआधी निंबोळी पेंड, झेंडू आणि त्या तुकड्यात वांगीवर्गीय पीक टाळणं, एवढं हातात आहे.

पिवळेपणाबाबत आधी कोणतं पान पिवळं आहे ते सांगा. खालची जुनी पानं सगळी एकसारखी फिकट पडली असतील तर ती नत्राची उणीव. शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाची, आणि चुनखडीच्या रानात पाणी साचलं की ती हमखास दिसते. पानावर पिवळे-हिरवे ठिपके, चट्टे असतील तर पिवळा मोझॅक, म्हणजे पांढऱ्या माशीने पसरणारा विषाणूरोग. तिन्हींवर इलाज वेगळे. फेरस फक्त दुसऱ्यावर चालतं: १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट आणि २५ ग्रॅम चुना, चुन्याची निवळी गाळून घ्या नाहीतर नोझल तुंबतं. आठ-दहा दिवसांनी दुसरी फवारणी.

साचलेलं पाणी हे गाठींचं तितकंच मोठं दुखणं आहे. जिवाणूला लागणारा ऑक्सिजन आणि फोडायचा नत्र, दोन्ही मातीतल्या हवेतूनच गाठीत शिरतात. मातीच्या फटी पाण्याने भरल्या की पुरवठा बंद. दोन-तीन दिवस पाणी थांबलं तरी गाठींचं काम कोसळतं, आणि आठवडाभर राहिलं तर बऱ्याच गाठी कुजतात. दर चार-सहा ओळींनंतर एक चर काढा आणि तो खाली ओघळीपर्यंत न्या. खताआधी हे काम.

वरच्या भागात मात्र चित्र चांगलं आहे. सोटमुळावर गुलाबी गाठी म्हणजे पाकीट पूर्ण मेलेलं नव्हतं, थोडे जिवाणू थायरममधून वाचले. बाजूमुळांवर काहीच नाही, कारण रानात सोयाबीनचे मुक्कामी जिवाणू नाहीत. आहेत त्या गाठी युरिया ओसरल्यावर मोठ्या होतील.

४५ दिवसांनीही झाडामागे तीन-चारच लाल गाठी असल्या आणि खालची पानं फिकट पडू लागली, तर मात्र हट्ट धरू नका. शेंगा धरताना वाफशावर एकरी २० ते २५ किलो युरिया ओळीलगत द्या, आणि दाणे भरताना २ टक्के युरियाची फवारणी, म्हणजे १० लिटरला २०० ग्रॅम. गाठींची जागा ते पूर्ण भरून काढणार नाही, पण नुकसान कमी होईल.

घेवडा (कोरेगाव, सातारा)

इथे आमच्या वाघ्या घेवड्याचं विचारू का? मुळावर गाठी असतात, पण युरिया दिल्याशिवाय पीक उभंच राहत नाही. पाकीट कोणतं लावावं?

बीजप्रक्रिया (तासगाव)

घेवड्याचं रायझोबियम वेगळं, फॅसिओलाय गटातलं. सोयाबीनचं किंवा हरभऱ्याचं पाकीट त्याला उपयोगाचं नाही. पण घेवड्याची अडचण उलटी आहे: तो जोडीदार निवडण्यात फार ढिला. जमिनीतले अनेक प्रकारचे जिवाणू तो आत घेतो आणि त्यातले बरेच नत्र फोडण्यात कच्चे असतात. गाठी दिसतात, कापल्या की फिकट. शिवाय पीक अडीच महिन्यांचं, त्यात गाठी कामाला लागेपर्यंत फुलोरा येतो. म्हणून घेवडा-राजम्याला इतर कडधान्यांसारखा थोडाच नत्र देऊन चालत नाही. रब्बी राजम्याला हेक्टरी १०० किलोच्या पुढे नत्राची शिफारस असते, हरभऱ्याला २५ किलोत भागतं. घेवड्याला नत्र दोन हप्त्यांत द्या, पाकीट लावा, पण पाकिटाच्या भरवशावर नत्र कापू नका.

जमीन कोरेगावपेक्षा पश्चिमेकडची, पाटण-जावळीची तांबडी, आम्ल असेल तर आणखी एक गोष्ट. आम्ल मातीत स्फुरद आणि मॉलिब्डेनम अडकतं. नायट्रोजिनेजच्या गाभ्यातच लोह आणि मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे तिथे चुना टाकून सामू वर आणल्यावर गाठी सुधारतात. कृष्णाकाठच्या अल्कधर्मी काळ्या रानात मॉलिब्डेनमची काळजी सहसा नसते. तिथे स्फुरद, निचरा आणि चोपणपणा (सोडियममुळे माती घट्ट होणं) बघायचा.

रानवाट (पलूस)

बेवडाचं कुणी बोललं नाही, आणि मूळ प्रश्नात ते आहे.

सोयाबीन रानात नत्र ठेवून जातं असं सरसकट म्हणतात, ते जपून घ्यावं. चांगल्या गाठी असलेलं सोयाबीन आपल्या गरजेच्या साधारण ५० ते ६० टक्के नत्र हवेतून घेतं, उरलेलं जमिनीतूनच ओढतं. वर हिशोब आला आहेच, १० क्विंटल दाण्याबरोबर ६४ किलो नत्र बाहेर जातं. जे घेतलं आणि जे गेलं यात फारसा फरक उरत नाही. कापणीला पिवळं पडून गळतं ते पान आणि जमिनीत राहणारी मुळं-गाठी, एवढाच बेवड. त्यामुळे मळणीचं भुसकट बांधावर पेटवून दिलं किंवा विकलं तर सोयाबीनचा फायदा उसाला जवळजवळ मिळत नाही. भुसकट रानात परत पसरा. या पिकात गाठी कमीच आहेत, तेव्हा ऑक्टोबरच्या उसाला नत्राची मात्रा कापू नका, माती परीक्षण करून ठरवा.

पुढच्या वेळी त्याच रानात सोयाबीन घेणार असाल तर लागणीच्या खतात बदल करा. डीएपीऐवजी एकरी तीन पोती सिंगल सुपर फॉस्फेट घेतलं तर २४ किलो स्फुरद मिळतो, नत्र अजिबात जात नाही, आणि वर गंधक मिळतं, जे तेलबियांना हवंच असतं. सुरुवातीला थोडं नत्र द्यायचं असेल तर एकरी ८ ते १० किलोवर थांबा, आणि तेही पेरताना. नंतरचा युरिया नको. चार ओळी बिनपाकिटाच्या सोडा, ओळीच्या टोकाला खुंटी मारा. ३५ दिवसांनी दोन्हीकडची पाच-पाच झाडं खणून शेजारी ठेवली की पाकीट लागू पडलं का, हे कुणाला विचारावं लागत नाही. एकदा जिवाणू रानात रुजले की ते काही वर्षं टिकतात, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या सोयाबीनला पाकिटाचा फरक कमी दिसेल. पण मध्ये पाच-सात वर्षं ऊस झाला की पुन्हा लावायचं.

आणि हेतू मुख्यतः बेवडाचाच असेल तर दाण्याच्या पिकाकडून तो मागण्यापेक्षा ताग किंवा धैंचा ही हिरवळीच्या खताची पिकं करा. दोघांनाही गाठी येतात, आणि धैंचा चोपण, पाणी धरणाऱ्या खालच्या तुकड्यातही तग धरतो. ताग ४५ ते ५० दिवसांत, फुलकळी दिसताच गाडा. त्याला उशीर झाला की खोड चिवट होतं, कुजायला वेळ घेतं, आणि कुजताना उसाच्या वाट्याचं नत्र काही काळ स्वतःच धरून बसतं.